सातखणी मॅडम

मॅडम थिएटरातसुद्धा खडू घेऊन जायच्या. तिथं फळा नव्हता, लिहायचंही काही नव्हतं, तरी उजव्या हातात खडूचा तुकडा असायचाच. मध्यंतरापर्यंत तो चोळून चोळून साडीच्या निऱ्यांवर पांढरा भुगा पडलेला असायचा. दिवे लागले की त्या शेजारच्या खुर्चीकडे वळायच्या. तिथं आम्हा विद्यार्थ्यांपैकी कुणी असलं तर ठीक, नसलं तर जो असेल तो. "काय हो, त्या पोराले घरातून पाठवलं कोणं?" बिचारा माणूस आधी पॉपकॉर्नकडे बघायचा, मग दाराकडे. एकदा एका गृहस्थानं घाबरून सांगितलं होतं, "मले नाही माहीत बाई, मी तर एकटाच आलो."

मॅडम आम्हाला एम. ए.ला लोकसाहित्य शिकवायच्या. परदेशातल्या एका अभ्यासकानं जुन्या परीकथा ढिगानं वाचून काढल्या आणि त्याला दिसलं की राजे, राक्षस, म्हाताऱ्या, पोपट कितीही बदलले तरी गोष्टीत कामं तीच ती असतात. हे पुस्तकात होतं आणि आम्ही ते पाठ केलं असतं आणि विसरलोही असतो. पण मॅडम वर्गात यायच्या, फळ्यावर सात खण आखायच्या आणि म्हणायच्या, "हं, काल रात्री टीव्हीवर कोणता सिनेमा पाहिला?" मग त्या खणांत नावं भरायची. निघालेला नायक, त्याला आडवा येणारा, त्याला पाठवणारा, त्याला काही देणारा, त्याचा सोबती, जिच्यासाठी सगळी धडपड चाललीय ती, आणि शेवटी तोतया, म्हणजे न लढता हार घालून घ्यायला पुढे येणारा. कॉलेजात त्यांचं नाव पडलं सातखणी मॅडम. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. हजेरीपटावर सही करताना एकदा चुकून तेच लिहिता लिहिता थांबले, असं त्या स्वतःच सांगायच्या. मला ते खरं वाटत नाही.

"खण माणसाचा नाही, कामाचा आहे" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकच माणूस तीन खणांत बसू शकतो, आणि एका खणात कधीकधी माणूसच नसतो. एका प्रेमकथेवर आमच्या वर्गातल्या मुली भडकल्या होत्या. नायिकेला म्हणे धडपडीची वस्तू करून ठेवलंय, हा खणच आम्हाला मान्य नाही. मॅडमनी शांतपणे विचारलं, "तो हिरो सिनेमाभर कायच्या मागे धावून राहिला?" आम्ही आठवून पाहिलं. तो त्याच्या बापाच्या जप्त झालेल्या ट्रकमागे धावत होता. नायिका त्याला रस्ता सांगत होती, डबा आणून देत होती, एकदा तर पोलिसांच्या तावडीतून सोडवत होती. "मग त्या खणात ट्रक लिहा अन् पोरीले सोबत्याच्या खणात आणा. नायक का नाही, त्यावर पुढच्या तासाले भांडू." पुढच्या तासाला खरंच भांडण झालं, आणि ते मॅडम हरल्या. हरल्यावर त्या सगळ्या वर्गाला तर्री-पोहे खायला घेऊन गेल्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरी रविवारची बैठक सुरू केली. आम्ही सात-आठ जण असू. बहुतेक जुने विद्यार्थी, आणि त्यांच्याच गल्लीतले ढोकेकाका, जे पहिल्यांदा पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला आले आणि सिनेमा संपेपर्यंत बसले ते कायमचेच. बैठकीच्या खोलीत भिंतीवर लाकडी फळा होता. उन्हाळ्यात मोठा प्रश्न कूलरचा. तो चालू केला की संवाद ऐकू येत नाहीत, बंद केला की माणूस भाजून निघतो. मॅडमचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, कूलरच्या बटणाजवळ खुर्ची टाकून बसायचे. गाणं लागलं की चालू, बोलणं लागलं की बंद. सिनेमात त्यांना काडीचा रस नव्हता. कुणी विचारलं, "काका, तुमचा खण कोणता?" तर म्हणायचे, "मी सोबती. माझं काम कूलर." मॅडम फळ्याकडे तोंड करून हसायच्या, म्हणजे आम्हाला दिसू नये म्हणून.

बैठकीचे दोन नियम होते. पहिला म्हणजे आडवा येणाऱ्याचा खण सगळ्यात शेवटी भरायचा. आपल्याला वाईट माणूस पहिल्या मिनिटाला ओळखायची घाई असते, आणि मॅडमना त्याच घाईची चीड होती. "पहिले पाठवणारा शोधा. एखादा माणूस असा काहून वागून राहिला हे त्याच्या तोंडावरून नाही समजत, त्याले पाठवलं कोणं त्याच्यावरून समजते." दुसरा नियम असा की खणात ज्यानं नाव लिहिलं त्यानंच ते पुसायचं. बाकीच्यांनी वाद घालावा, ओरडावं, पण डस्टरला हात लावायचा नाही. या नियमापायी एकेक बैठक दुपारची संध्याकाळपर्यंत लांबायची. ढोकेकाका तर एकदा रुसून घरी गेले, चहा घेऊन परत आले आणि मग आपणच लिहिलेलं नाव पुसलं.

मॅडमना एकच मुलगा, सुहास. मौद्याच्या वीज केंद्रात इंजिनियर होता, बायको प्रज्ञासोबत तिथंच क्वार्टरमध्ये राहायचा. कमी बोलणारा, बापासारखा. मॅडम कधी आमच्या वर्गाला घरी सिनेमा दाखवायच्या तेव्हा लहानगा सुहास सगळ्यांना पाणी आणून द्यायचा आणि दाराआडून सिनेमा बघायचा, हे मला आठवतं. मॅडमना त्याचा अभिमान होता, पण त्या तो तक्रारीतून सांगायच्या. "आमच्या पोराले गोष्ट समजत नाही, बॉयलर समजते."

मग काकांना पोटाचा कॅन्सर निघाला. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. उपचार चालू ठेवता येतील, पण फार आशा धरू नका, असं सांगितलं. मॅडमनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. त्या दिवसरात्र तिथं असायच्या, नर्सशी भांडायच्या, काकांना चमच्यानं नारळपाणी पाजायच्या आणि समोरच्याला बोलूच द्यायच्या नाहीत. काका काही म्हणायला लागले की, "तुम्ही चूप राहा, ताकद वाचवा." एका दुपारी आम्ही त्यांना जबरदस्तीनं अंघोळीला म्हणून घरी पाठवलं. त्या परत जायला निघाल्या तोच दारात रुग्णवाहिका उभी राहिली. आत काका होते आणि सुहास होता. त्यानं डिस्चार्ज घेऊन वडिलांना घरी आणलं होतं.

काका आठवडाभरही राहिले नाहीत. कूलरजवळच्या त्याच खोलीत, बराचसा वेळ गुंगीत, ते गेले. घाटावरून आल्यावर, भन्तेजींचं त्रिशरण-पंचशील होऊन माणसं पांगायला लागली तेव्हा मॅडम सगळ्यांसमोर सुहासला म्हणाल्या, "तू माझ्या माणसाले मरायले घरी आणलं. मले विचारलंसुद्धा नाही." प्रज्ञा पुढे व्हायला लागली तर सुहासनं तिचा हात धरला. त्याच संध्याकाळी ती दोघं मौद्याला परत गेली.

नागपूर ते मौदा म्हणजे तासाभराचा रस्ता. तेवढ्या रस्त्यावरून सुहास काही वर्षं आईच्या घरी आला नाही, म्हणजे त्याला येऊ दिलं नाही. तो फोन करायचा, मॅडम उचलायच्या नाहीत. प्रज्ञाशी बोलायच्या, औषधं संपली का, पाऊस आहे का, एवढंच. मी एकदा हिंमत करून विषय काढला. "मॅडम, सुहासला काही सांगायचं असेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा वर्गातली पोरगी झाले. "वैशाली, लिहिणाऱ्यानं पुसायचं असते. मले पुसायचं नाही." मला तेव्हा त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. जी बाई सिनेमातल्या भाड्याच्या गुंडालासुद्धा तीन तास बाजू मांडू द्यायची, तिनं पोटच्या पोराला एक वाक्य बोलू दिलं नाही.

बैठक चालूच राहिली. कूलर आता आम्ही पाळीपाळीनं सांभाळायचो आणि नेहमी चुकीच्या वेळी चालू करायचो. पण एक गोष्ट बदलली होती, आणि ती आम्हा सगळ्यांना दिसत होती. मॅडम आता फळ्यावर सर्वांत आधी आडवा येणाऱ्याचा खण भरायला लागल्या होत्या. सिनेमा अर्ध्यावरही आलेला नसायचा, आणि खडू तिथं जाऊन पोचलेला असायचा. नंतर आम्ही काहीही म्हटलं तरी ते नाव हलायचं नाही. त्यांचाच नियम त्या मोडत होत्या आणि त्यांना सांगायचं कुणी?

सांगितलं ढोकेकाकांनी. त्या रविवारी एका आजीचा आणि नातीचा सिनेमा होता. एक माणूस गावात येतो आणि आजीजवळ वाढलेल्या पोरीला उचलून शहरात घेऊन जातो. आजी बसच्या मागे धावते. मॅडमनी तिथंच सिनेमा थांबवला आणि उठून त्या माणसाचं नाव आडवा येणाऱ्याच्या खणात लिहिलं. ढोकेकाका चिवड्याची वाटी खाली ठेवत म्हणाले, "मॅडम, पाठवणाऱ्याचा खण रिकामाच हाय ना. तुम्ही याले पहिलेच बसवून टाकलं. तुम्हीच शिकवलं आम्हाले, पहिले विचारा का याले पाठवलं कोणं." त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. ते फक्त सिनेमाबद्दल बोलत होते. पण आम्हा बाकीच्यांना सुहास आठवला. मॅडमनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सिनेमा पुढे लावा," आणि स्वयंपाकघरात गेल्या. सिनेमा संपेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत. पोरीला न्यायला त्या माणसाला तिच्या मरणाला टेकलेल्या आईनं पाठवलं होतं, हे शेवटी कळलं. ते आम्ही त्यांना सांगितलं नाही. त्यांनी आतून ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "गाडी आहे का तुयाजवळ? मौद्याले चालतं का?" रस्ताभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सुहास दारातच उभा होता. माय-लेकांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी प्रज्ञा म्हणाली, "आई, आत तर या." पाण्याचा पेला हातात घेऊन, न पिताच, मॅडमनी विचारलं, "सुहास, तुया बाबाले दवाखान्यातून घरी आणायले तुले पाठवलं कोणं?"

मी सुहासकडे बघत होते. त्याच्या तोंडावर एक क्षण असं काही आलं की आता हा सगळं सांगणार असं मला वाटलं. मग ते गेलं. "कोणी नाही आई," तो म्हणाला. "मीच ठरवलं होतं."

"बरं," मॅडम म्हणाल्या. पुढे काही विचारलं नाही. प्रज्ञानं केलेली कोथिंबिरीची सांबारवडी खाल्ली, थोडी बांधून घेतली आणि निघताना सुहासच्या गालावरून हात फिरवला. "रविवारी येत जा. कूलर कोणाले जमत नाही."

परतताना वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा मॅडम बोलल्या. "यायनंच, तुमच्या काकायनंच पाठवलं त्याले. यायनंच सांगतलं असंन, मले घरी ने म्हणून. अन् तुया आईले सांगू नको म्हणून वचन घेतलं असंन. पोरगं तोडणार नाही ते." मी म्हटलं, "मग काकांनी तुम्हालाच का नाही सांगितलं?" त्यांनी चहाचा कप तसाच धरून ठेवला. "मी सांगू दिलं असतं का? त्यायनं तोंड उघडलं का मी चूप करत होती. त्यायले घरी यायचं होतं, वैशाली. साधं घरी यायचं होतं. अन् त्या गोष्टीत आडवं कोण पडलं होतं? मी." टपरीवाल्यासमोरच त्या रडल्या. सात खणांचं सगळं शिक्षण त्यांच्याकडूनच घेतलेलं, त्यामुळे त्यांचं उत्तर चुकलंय असं मला म्हणता येईना.

त्यानंतर सुहास रविवारी यायला लागला. काकांच्या खुर्चीत बसायचा, बापासारखाच कूलर बरोबर सांभाळायचा. मॅडमना जे कळलं होतं ते त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही. त्याला वचन पाळायचं होतं, ते त्याला पाळू दिलं. दोघं एकमेकांशी सिनेमाबद्दल बोलायचे, मौद्याच्या हवेबद्दल बोलायचे, एकमेकांच्या ताटात वाढायचे. पाहणाऱ्याला वाटलं असतं, सगळं निवळलं. पण सुहास आईसमोर बसला की अजून आरोपीसारखा बसायचा, पाठ ताठ करून, आणि मॅडमना ते दिसत होतं. "याच्या मनावरचं जात नाही वं," त्या मला म्हणायच्या. "मी माफ केलं म्हणू तर गुन्हा केलता असं होते. अन् गुन्हा नव्हता म्हणू तर बापाचं वचन उघडं पडते. काय करू?"

यंदाच्या उन्हाळ्यात मॅडमचं हृदय थकलं. पाय सुजले, दोन पावलं चाललं की धाप लागायची. रामदासपेठेतच दाखल केलं, दवाखाना वेगळा होता. काही दिवस बरं, काही दिवस वाईट असं चाललं. मग डॉक्टरीणबाईंनी सुहासला बाजूला घेऊन सांगितलं की आता अतिदक्षता विभागात हलवावं लागेल, आणि तिथून परत येतीलच असं नाही. सुहास खोलीत आला तेव्हा त्याचा चेहरा काकांच्या वेळी होता तसाच झाला होता. त्याची मावशी, म्हणजे मॅडमची बहीण, आली होती, प्रज्ञा होती, ढोकेकाका होते, मी होते. त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. मॅडमनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मले बसती कर."

मी त्यांना उशीला टेकवून बसवलं. बोलायला दम पुरत नव्हता, तरी आवाज वर्गातला काढला. नर्सला सांगून डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं, बाहेर मोबाइलवर बोलत असलेल्या आपल्या भाच्यालाही आत आणलं. सगळे जमल्यावर म्हणाल्या, "ऐका. मले घरी जायचं आहे. मी सुहासले पाठवून राहिली, जा, दवाखान्यातून सुट्टी घेऊन ये म्हणून. हा त्याचा विचार नाही, माझा आहे. उद्या कोणी म्हणलं का पोरानं मायले मरायले घरी आणलं, तर त्याले सांगायचं, तिनं स्वतः पाठवलं होतं." मग एकेकाकडे बोट करून हजेरी घेतल्यासारखं विचारलं. "सुहासच्या मावशे, ऐकलं? ढोकेभाऊ, ऐकलं? डॉक्टर, तुमच्या कागदावर लिहा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिहिते, आई." शेवटी सुहासकडे वळल्या. "जा बेटा."

सुहासला तेव्हा कळलं की आईला सगळं माहीत आहे, आणि ती मौद्याला आली त्या दिवसापासून माहीत आहे. तो पलंगाच्या कडेशी बसला आणि आईच्या पांघरुणात तोंड घालून रडला. वडील गेल्यावर तो रडला नव्हता. मॅडमनी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि थोड्या वेळानं, "जा ना, दुपार होऊन राहिली," असं म्हणाल्या.

नंतर काउंटरवर कागद होईपर्यंत तो माझ्याजवळ उभा राहून बोलला. बाबांनीच हात धरून सांगितलं होतं, मला माझ्या खोलीत ने. आईला मात्र कळू देऊ नको, तिला वाटेल की मी तिला सोडून जायचं ठरवलं. "मला आई काय वाटेल ते म्हणू दे," सुहास म्हणाला, "पण तिला ते वाटायला नको होतं." एवढं सांगून तो सही करायला गेला.

मॅडम घरी चार-पाच दिवस होत्या. एका दुपारी सगळे जेवत असताना गेल्या.

मॅडमच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी होता त्या दिवशी घर भरलं होतं. वंदना झाली, पानं मांडली जात होती. भंडाऱ्याकडून आलेल्या एका दूरच्या आत्याबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांना मधलं काहीच माहीत नव्हतं. खिरीची वाटी घेऊन जाणाऱ्या सुहासला त्यांनी थांबवलं. "काहून रे बापा, एवढे मोठे मोठे दवाखाने आहेत नागपुरात, मायले घरी काहून आणलं?"

सुहास वाटी हातात धरून थांबला. त्यानं तोंड उघडायच्या आत त्याची मावशी, प्रज्ञा, ढोकेकाका, मी आणि तिकडून पानं वाढत असलेला तो भाचा, आम्ही सगळे एकदमच बोललो.